न्हानूभाऊंच्या गाडीतला राखणदार

न्हानूभाऊ गाडी उभी केली की लगेच उतरत नाहीत. इंजिन बंद करतात, दोन्ही हात मांडीवर ठेवतात आणि पुढच्या काचेला चिकटवलेल्या कॅमेऱ्याकडे बघत बसतात. देवळात गाभाऱ्यासमोर बसावं तसे. कॅमेऱ्याच्या पाठीला तांदळाच्या दाण्याएवढा लाल दिवा आहे. तो फक्त गाडीच्या आतूनच दिसतो. तो पेटलेला दिसला की ते मान हलवतात आणि म्हणतात, "जागो आसा." मग उतरतात आणि मागे वळून न बघता घरात जातात.

हे मी रोज बघते. आमचं पेडण्याकडचं गाव, आणि त्यांच्या-माझ्या घरांमध्ये जास्वंदीची एक वई, म्हणजे कुंपण, एवढंच अंतर. चुलीजवळच्या जनेलातून त्यांची गाडी सरळ दिसते. माझे यजमान गेल्यापासून त्या जनेलातून मी दुसरं फार काही बघितलेलं नाही.

न्हानूभाऊंनी तीस वर्षं डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवला. माणूस बुटका. सीटवर घडी घातलेली घोंगडी ठेवून त्यावर बसत, तरी समोरून येणाऱ्याला ट्रकात फक्त टोपी दिसायची. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा पापण्यांवरसुद्धा लाल माती असायची. पुढे खाण बंद पडली. ट्रक दोन पावसाळे अंगणात उभा राहिला, त्यावर कारल्याचा वेल चढला, आम्ही कारली खाल्ली, आणि एक दिवस ट्रक भंगारात गेला. त्यानंतर त्यांनी ही जुनी पांढरी छोटी गाडी घेतली. पण चालवतात ट्रकासारखीच. सकाळी निघण्यापूर्वी लोखंडी दांड्याने चारही चाकं ठोकून बघतात. मागे घेताना स्वतःच तोंडाने शिट्टी वाजवतात. घोंगडी तीच.

एकच गोष्ट सांगते, म्हणजे माणूस कळेल. त्यांची बायको गेली तेव्हा मुलगी रेश्मा सहा वर्षांची होती. न्हानूभाऊ पहाटे तिची वेणी घालून मग खाणीवर जात. वेणी बरी घालायचे, पण रिबिनीला गाठ मारायचे ती ताडपत्रीची. खनिजावर ताडपत्री बांधतात ना, तशी. दोन फेरे, एक आतून, आणि दाताने ओढून घट्ट. खड्ड्यातून ट्रक गेला तरी सुटायची नाही. शाळेत सगळ्या मुलींच्या वेण्या सुटत, हिची कधी नाही. संध्याकाळी ती माझ्याकडे यायची आणि पाठ करून उभी राहायची, "काकी, सोडव." मला कात्र घ्यावी लागायची. मी त्यांना म्हटलं होतं, "भाऊ, साधी गाठ मारा हो." तर म्हणाले, "वयनी, मी मारूक जातंय साधी. हात आयकणत नाय."

त्या रेश्माने पाच वर्षांपूर्वी स्वतःच्या मनाने लग्न केलं. मुलगा बेळगावकडचा, डिचोलीला कारखान्यात कामाला. न्हानूभाऊ आरडाओरडा करणारे नव्हेत. ते गावाच्या शिवेवर राखणदाराच्या, गाव राखणाऱ्या देवाच्या, दगडाकडे गेले, दगडावर हात ठेवला आणि चार माणसांच्या देखत म्हणाले, "मी तिच्या दारात पाय घालूचंय नाय." ती घरी आली नाही, हे गेले नाहीत. तिला मुलगी झाली हे आम्हाला पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, कळलं. त्या दिवशी भाऊंनी पोदेराकडून चारऐवजी बारा पाव घेतले आणि आठ माझ्याकडे आणून दिले.

मग गेल्या वर्षी हा कॅमेरा आला. गाडी बंद असली तरी तो बॅटरीवर चालू राहावा म्हणून तारा काचेच्या कडेने आतून ओढून फ्यूजच्या पेटीत पक्क्या जोडून घेतल्या होत्या. वाड्यावर चर्चा झाली. कुणी म्हणालं नारळ चोरणारा धरायचा असेल, कुणी म्हणालं गाडीवर ओरखडा मारणारा. भाऊ म्हणायचे, "गावाक राखणदार आसा, गाडीक नको?" दर बुधवारी त्याला अबोलीचं फूल वाहायचे. फुलावरून मुंग्या आल्या आणि कॅमेऱ्यात तीन दिवस मुंग्याच दिसल्या, तेव्हा ते थांबलं.

पण राखणदार राखण करत नव्हता. गाडी चालू असेपर्यंत ठीक. उभी करून भाऊ परत येईपर्यंत कॅमेऱ्यात काही उतरलेलं नसायचं. परत येऊन बसले की दिवा पेटलेला. "मी आसंय तवसर जागो," ते मला सांगायचे, "पाठ फिरयली काय निजता. सरकारी राखणदार मेलो."

गॅरेजवाला दामू थकला. आधी त्याने फ्यूज बदलला. मग अर्थिंगची तार जिथे बसवली होती तिथला रंग खरवडून ती परत घट्ट केली. मग म्हणाला, बॅटरी उतरू नये म्हणून कॅमेरा आपोआप बंद होतो, ती मर्यादा खाली आणून बघू. बघितली. मग बॅटरीच जुनी ठरली, नवी घातली. प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये गाडी तीन तीन तास उभी करून बघायचा, कॅमेरा टक्क जागा. भाऊ गाडी घरी आणायचे, दुसऱ्या दिवशी परत तेच.

एकदा दामू आमच्या अंगणातच आला. त्याने विचारलं, "भाऊ, ती सीटखालची कळ चालू ठेवतास मां?"

भाऊंनी गाडी घेतली त्याच आठवड्यात सीटखाली एक कळ बसवली होती. ती खाली पाडली की बॅटरी तुटते, गाडीत कुठेच वीज राहत नाही. खाणीच्या ट्रकांना असायची तशी.

"चालू आसता," भाऊ म्हणाले. "मी तिका हात लावणंय नाय."

"सारकी याद करा."

"अरे, राखणदाराची शपथ घालू?"

"नको, नको," दामू म्हणाला. "मग एकच. तुमका बघून तो घाबरता."

भाऊ हसले नाहीत. दामू गेल्यावर पायरीवर बसले. मला म्हणाले, "वयनी, तुझी नदर बरी. वायच बघ गो ह्यां." आणि त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. कॅमेऱ्यातलं मोबाईलवर उतरवायला दामूने त्यांना शिकवलं होतं.

गेल्या बुधवारचा डिचोलीचा रस्ता होता. समोर एक झाड, झाडाच्या पलीकडे हिरव्या शटरचं शिवणाचं दुकान. दारात मशीन, मशीनवर मान खाली घालून एक बाई. दोन मिनिटं ती शिवत होती, मग सगळं काळं झालं. त्याच्या मागच्या बुधवारचंही तेच. त्याच्याही मागच्या. प्रत्येक वेळी गाडी त्याच झाडासमोर, तोंड दुकानाकडे, आणि भाऊ उतरेपर्यंतची ती दोन मिनिटं.

ती रेश्मा होती. मला ओळखायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

भाऊ माझ्याकडे बघत नव्हते. म्हणाले, "झाड बघ. कितक्या वाढलां."

"व्हय," मी म्हटलं. "बरां वाढलां."

"सावळी पण बरी आसा."

"आसा."

आम्ही त्या झाडाबद्दल बराच वेळ बोललो. दर बुधवारी बाजाराच्या निमित्ताने ते डिचोलीला का जात, कॅमेरा कशासाठी, सगळं मला कळलं. दारात पाय न घालता जेवढं बघता येईल तेवढं त्यांना बघायचं होतं. समोर बसूनही ते सरळ तिच्याकडे बघत नसणार. त्या लाल दिव्याकडे बघत असणार, इथे अंगणात बघतात तसे. आणि नात त्यांना अजून एकदाही दिसलेली नव्हती. दुकानाच्या आत कुठेतरी असायची, त्या दोन मिनिटांत बाहेर यायची नाही.

पुढच्या बुधवारी मी त्यांना म्हटलं, मला डिचोलीला भांड्यांच्या दुकानात जायचं आहे. भांडी मला नको होती. भाऊंनी मागची सीट फडक्याने पुसून दिली.

झाडासमोर गाडी थांबली. इंजिन बंद. हात मांडीवर. मी मागे बसून बघत होते. "जागो आसा," भाऊ म्हणाले. दार उघडलं, डावा पाय आत, उजवा बाहेर, आणि वाकताना त्यांचा हात घोंगडीच्या खाली गेला. कट्.

तो आवाज मी वीस वर्षं ऐकला होता. ट्रक अंगणात यायचा, इंजिन थांबायचं, मग कट्, आणि मग मी चुलीवर त्यांच्या वाटणीचाही चहा ठेवायची. खाणीवर ट्रक उभा केला की बॅटरी तोडायची, हा तिथला नियमच होता. भाऊंची शपथ खोटी नव्हती. त्यांना माहीतच नव्हतं.

मी उतरले. चार पावलं गेल्यावर म्हटलं, "भाऊ, माझी पिशवी ऱ्हवली. चावी दिया." परत आले, घोंगडीखाली हात घातला आणि कळ वर केली. लाल दिवा पेटला. समोर बघायचं धैर्य मला झालं नाही. दार लावून भाऊंच्या मागे गेले आणि अर्धा तास नको असलेली भांडी बघितली.

परत आलो तेव्हा बसण्याआधी भाऊंचा हात घोंगडीखाली गेला आणि तिथेच थांबला. कळ आधीच वर होती. ते तसेच वाकून राहिले. मग हात बाहेर काढला आणि दुसऱ्याचा असावा तसा उलटसुलट करून बघितला.

"वयनी, कळ मीच मारतालंय?"

"हात मारता भाऊ. तुमी नाय."

घरी आल्यावर पायरीवर बसून आम्ही मोबाईल उघडला.

आधी आम्ही दोघंच दिसलो, पाठमोरे, जाताना. मग नुसता रस्ता. एक म्हैस गेली. मग रेश्मा मशीनवरून उठली. तिने आम्ही गेलो तिकडे बघितलं, आत हाक मारली, आणि तीन-चार वर्षांची एक पोर धावत बाहेर आली. तिला कडेवर घेऊन रेश्मा रस्ता ओलांडून थेट गाडीसमोर आली. बापाची गाडी ती ओळखणार नाही तर कोण? काचेवरची धूळ पदराने पुसली. पोरीला बॉनेटवर उभं केलं.

आईने काही सांगण्याआधीच पोरीने हात वर करून हलवला. मग सांगण्याआधीच वळली आणि पाठ करून उभी राहिली. हे तिच्या सवयीचं होतं. किती बुधवार ती असं करत होती कोण जाणे, आणि इकडे सगळं काळं.

तिच्या पाठीवर एवढीशी वेणी होती. लाल रिबीन. रेश्माने ती वेणी काचेजवळ धरली आणि गाठ दाखवली. दोन फेरे, एक आतून.

भाऊंनी मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला. जास्वंदीच्या वईकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कात्र लागतली तिका."

मी घरात गेले. मला तिथे बसवेना.

पुढच्या बुधवारी ते माझ्या दारात आले. "वयनी, भांडी ऱ्हवली आसतली तुझी." मी गाडीत बसले. शिवेवर त्यांनी गाडी थांबवली, पिशवीतून नारळ काढला, राखणदाराच्या दगडासमोर ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, ह्या जाग्यार हात ठेवून मी एक उतर दिल्लां. तां आज परत घेतंय. चूक माझी, तिची नाय. पोराबाळांक सांभाळ." गाऱ्हाण्याला माणसं लागतात, प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायला. भाऊ थांबले. म्हणायला कुणी नव्हतं. चारचौघांत मी कधी तोंड उघडलेलं नाही, पण तिथे चारचौघंही नव्हते. मी गाडीतून म्हटलं, "व्हय म्हाराजा."

झाडासमोर गाडी उभी राहिली. भाऊंनी इंजिन बंद केलं. कॅमेऱ्याकडे बघितलंच नाही. हात घोंगडीखाली घातला, या वेळी बघून, आणि कळ खाली पाडली. कट्. लाल दिवा विझला. मग उतरले, टोपी सारखी केली आणि रस्ता ओलांडला.

म्हणून पुढचं कॅमेऱ्यात नाही. मी झाडाखाली उभी होते, तेवढं मी बघितलं. मशीन थांबलं. रेश्मा उठून उभी राहिली आणि तिने तोंडावर पदर धरला. भाऊ दाराच्या पायरीवर बसले, आत गेले नाहीत. पोर आली, त्यांच्याकडे टक लावून बघितलं, आणि कुणी न सांगता वळून पाठ करून उभी राहिली.

भाऊंनी दोन्ही हात पुढे केले आणि ती गाठ सोडवायला घेतली. कात्र नव्हती. खूप वेळ लागला.