सहा अडतीसचा सूर्यास्त

"अजानीच्या आधी अर्धा तास पोच म्हणजे झालं," असं नीलाने सकाळी हॉस्पिटलला जाताना बजावलं आणि शिरीषने ते मनावर घेतलं. शिरीषने एखादी गोष्ट मनावर घेतली की घरातली माणसं जरा धास्तावत, पण नीलाला त्या दिवशी घाई होती.

शिरीष बहरीनमध्ये, अस्कर गावच्या एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर होता. कोणतं काम कधी सुरू होणार, कधी संपणार आणि मध्ये किती वेळ हाताशी राहणार, याचे तक्ते करणं हा त्याचा धंदा. हाताशी राहणाऱ्या वेळेला तो 'फ्लोट' म्हणे, आणि घरीसुद्धा म्हणे. दूध उतू गेलं तरी "पाच मिनिटांचा फ्लोट होता, तू गॅस मोठा केलास," हे तो शांतपणे सांगू शकत असे. तो स्वतः कधी उपास करत नसे, पण नीलाच्या संकष्टीचं वेळापत्रक मात्र तोच सांभाळी. चंद्र समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी ओलांडून वर आलेला असला, तरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली वेळ झाल्याशिवाय तो पान वाढू देत नसे. "डोळ्यांना काय, काहीही दिसतं. छापलेलं ते छापलेलं," असं त्याचं म्हणणं. ही दिनदर्शिका त्याचा भाऊ दर डिसेंबरला पुण्याहून न चुकता पाठवी.

तर त्या संध्याकाळी नीलाची हॉस्पिटलमधली मैत्रीण महमुदा हिच्याकडे इफ्तार होता, पुलापलीकडे मुहर्रकला. महमुदा मूळची भोपाळची. दरवर्षी तिच्याकडे तीस-एक माणसं जमत आणि दरवर्षी रोजा सोडायला गुलाबाचं सरबत असे. यंदा नीलाने छातीठोक सांगितलं होतं, "इस बार तुम कुछ मत बनाना. हमारा कोकम आएगा." कोकमाचा आगळ वेंगुर्ल्याहून मागवला. रात्री जिरं भाजून कुटलं. साइटवर मजुरांसाठी ठेवतात तसला दहा लिटरचा नळवाला जार शिरीषने नवा कोरा आणला. नीला ड्यूटीवरून परस्पर महमुदाकडे जाणार आणि शिरीष घरून जार घेऊन येणार, असं ठरलं. तीस उपाशी माणसांचा पहिला घोट आता शिरीषच्या हाती होता.

गाडी नेमकी मीना सलमान भागातल्या गॅरेजमध्ये पडली होती. नीला म्हणाली होती, "टॅक्सी कर."

"टॅक्सी काय उडत जाते? रस्ता तोच, गर्दी तीच. बसचं टाइमटेबल असतं. टॅक्सीचं काय असतं?"

दुपारी ऑफिसातून येऊन त्याने दिनदर्शिका पाहिली. सूर्यास्त सहा अडतीस. त्यातून अर्धा तास वजा, बसचा अर्धा तास वजा, रमजानच्या गर्दीसाठी फ्लोट भरघोस चाळीस मिनिटं. पाच वाजता शिरीष नीलाने इस्त्री करून ठेवलेला पांढरा शुभ्र झब्बा घालून, पाठीवर साइटची बॅग, बॅगेत पन्नास कागदी ग्लास आणि पोटाशी जार धरून बसमध्ये चढला.

बस निघाली आणि थांबली. पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. अख्खं मनामा शहर त्याच वेळी घरी निघालं होतं. सगळे हॉर्न वाजवत होते आणि कुणीच हलत नव्हतं. पाऊण बस रोजेदारांनी भरलेली. माना खाली, ओठ सुकलेले. शिरीष मात्र प्रसन्न होता. फ्लोट शाबूत होता.

सव्वापाचला त्याने फोन काढला, तर नीलाचे सहा मिस्ड कॉल. तेवढ्यात सातवा आला.

"अरे आहेस कुठे?"

"बसमध्ये. ऑन शेड्यूल. अजून बराच फ्लोट आहे."

"खड्ड्यात गेला तुझा फ्लोट! एकोणीस मिनिटांत अजान आहे!"

"शक्य नाही. सूर्यास्त सहा अडतीसला आहे."

"शिरीष, इथे सगळे खजूर समोर घेऊन बसायला लागलेत. मी महमुदाला रोझ सरबतसुद्धा करू दिलेलं नाही. तीस ग्लास रिकामे मांडलेत टेबलावर. माझ्याकडे बघतायत सगळे!" नीलाचा आवाज आता रडवेला झाला होता. "थांब. वकारभाई म्हणतायत, ते गाडी घेऊन येतात. पुलाच्या अलीकडे सिग्नल आहे ना, तिथे उतर आणि कोपऱ्यावर दिसशील असा उभा राहा. दिसशील असा!"

वकार म्हणजे महमुदाचा नवरा. मशिदीच्या घड्याळात काहीतरी घोटाळा झालाय, अशी शिरीषची पक्की खात्री होती; पण बायको रडवेली झाली की तो वाद घालत नसे. तो घाईने उठायला गेला आणि त्याच क्षणी ड्रायव्हरने ब्रेक मारला. जार छातीवर कलंडला, नळ दाबला गेला आणि लालभडक कोकमाची धार झब्ब्यावर छातीपासून पोटापर्यंत गेली.

शेजारचा म्हातारा किंचाळला. ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर हमझा असं नाव होतं.

"भाईसाब! अँब्युलन्स बुलाऊँ?"

"नहीं नहीं, सरबत है!"

"सरबत?" हमझाने पुन्हा एकदा पाहिलं आणि आवंढा गिळला. तो मात्र तहानेचा होता.

असल्या अवतारात इफ्तारला जायचं म्हणजे यजमानीण दारातच बेशुद्ध पडायची. शिरीषने डोकं चालवलं. साइटच्या बॅगेत पिवळं चमकतं जॅकेट होतं. ते त्याने झब्ब्यावर चढवलं आणि वरपासून खालपर्यंत चेन ओढली. डाग झाकला, शिवाय 'दिसशील असा' हीही अट पुरी झाली. स्वतःवर खूश होत तो सिग्नलजवळच्या थांब्यावर उतरला, कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला, जार कठड्यावर ठेवला आणि बॅग हलकी करावी म्हणून ग्लासांची चळत शेजारी मांडली.

आता रमजानात बहरीनच्या सिग्नलवर संध्याकाळी जो माणूस चमकतं जॅकेट घालून, खायचं-प्यायचं सामान घेऊन उभा राहतो, तो कोण असतो हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वाटेत अडकलेल्या रोजेदारांना खजूर आणि पाणी वाटणारे स्वयंसेवक ते. शिरीषही गेली आठ वर्षं त्यांना बघत होता. पण आपण कसे दिसतो हे माणसाला स्वतःला कुठे दिसतं!

बरोबर पाच चौतीसला चहूकडून अजान सुरू झाली. पहिल्या गाडीची काच खाली आली आणि एक हात बाहेर आला.

"नो, नो," शिरीष म्हणाला. "प्रायव्हेट."

हात तसाच राहिला. हाताच्या मागे एक थकलेला अरब गृहस्थ होता, आणि मागच्या सीटवर एक आजीबाई शिरीषकडे आशेने बघून हसत होत्या. दिवसभर पाण्याचा थेंब नसलेल्या माणसाला दहा लिटर सरबत शेजारी ठेवून नाही म्हणायचं, हे काही शिरीषच्या आईने शिकवलं नव्हतं. दोन ग्लास दिले तर काय मोठंसं, असं म्हणून त्याने दोन ग्लास भरले. आजीबाईंनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि अरबीत मोठ्ठा आशीर्वाद दिला.

तिथेच चुकलं. मागच्या चार गाड्यांच्या काचा खाली आल्या. रस्ता ओलांडून दोन सायकलवाले आले. थांब्याला लागलेल्या बसमधून हमझा धावत आला, त्याच्यामागे तो किंचाळणारा म्हातारा. खोकी घेतलेला एक खरा स्वयंसेवक कुठूनसा उगवला, त्याने शिरीषच्या पाठीवर थाप मारली आणि "यल्ला, यू दिस साइड, आय दॅट साइड," असं फर्मान सोडून पलीकडे गेला.

हुकूम मिळाल्यावर शिरीषमधला प्लॅनिंग इंजिनियर जागा झाला. "लाइन प्लीज! लेफ्ट लेन फर्स्ट! हमझाभाई, आप ग्लास पकडो, मैं नळ चालू करता हूँ." सिग्नल एकदा सुटायला किती सेकंद लागतात आणि तेवढ्यात किती ग्लास भरतात, याचा हिशोब त्याने मनात मांडला. अस्करच्या साइटवर गेल्या आठ वर्षांत कुठलंही काम इतकं सुरळीत झालं नव्हतं. तीस माणसं, रिकामे ग्लास, नीला, सगळं तो साफ विसरला.

"नेक्स्ट!" म्हणत त्याने आणखी एका खिडकीत ग्लास दिला. मागे जारने एक शेवटची गुळगुळ केली. त्या माणसाने ग्लास एका दमात रिकामा केला, "अलहम्दुलिल्ला" म्हटलं आणि मग निरखून पाहिलं.

"शिरीषभाई?"

वकारच होता. घाईत पाण्याची बाटलीही न घेता निघालेला, पुलावर अडकलेला आणि यू टर्न मारून आताच सिग्नलला लागलेला.

"अच्छा है," तो ओठ पुसत म्हणाला. "और है?"

शिरीषने जार उलटा करून दाखवला.

दोघं महमुदाच्या घरी पोहोचेपर्यंत नमाज होऊन गेली होती. तीस माणसांनी खजूर आणि साध्या पाण्यावर रोजा सोडला होता. टेबलावर ग्लास अजून ओळीने उभे होते. पिवळं जॅकेट घालून, रिकामा जार छातीशी धरून शिरीष दारात उभा राहिला. नीला रिकामे ग्लास एकेक करून उचलायला लागली, आणि ते फार वाईट लक्षण होतं.

वकारने मात्र रंगवून रंगवून सगळी हकिकत सांगितली. महमुदाचे डोळे पाणावले. तिने नीलाला मिठीच मारली. "अरी पगली, मुँह क्यों लटकाया है? पचास लोगों का रोज़ा खुलवाया तेरे शरबत ने. इससे बड़ी दावत क्या होगी? मेरे घर में तो तीस ही थे!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी शिरीषच्या हातात समोसा दिला. नीलाच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं आणि शिरीषने सुटकेचा श्वास टाकला. तो त्याने जरा लवकर टाकला.

"तरी पण," समोसा चावत तो म्हणाला, "अजान तासभर लवकर झाली. कॅलेंडरमध्ये स्पष्ट छापलंय, सहा अडतीस."

"कौन सा कैलेंडर?" महमुदाने विचारलं.

"घर पे है. पुणे से आता है."

"तो भाईजान, सूरज भी पुणे का ही होगा ना?"

सगळे खदखदून हसले. नीला हसली नाही. तिची मान सावकाश शिरीषकडे वळली.

"शिरीष," ती मराठीत, अगदी हळू म्हणाली, "संकष्टीचा चंद्र आपण कुठे बघतो?"

शिरीषचा घास तोंडातच राहिला.

"आठ वर्षं," नीला म्हणाली. "टाकीच्या वर आलेला दिसायचा मला. भुकेने जीव जायचा. आणि तू म्हणायचास, छापलेलं ते छापलेलं. रोज एक तास?"

"रोज नाही, महिन्यातून एकदाच," शिरीष म्हणाला आणि सवयीने हिशोब करून मोकळा झाला. "आठ वर्षांचे शहाण्णव तास. अधिक महिने धरले तर नव्याण्णव."

बोलून गेल्यावर त्याला कळलं की हे बोलायचं नव्हतं. नीलाने त्याच्या हातातला उरलेला समोसा काढून घेतला आणि स्वतः खाल्ला.

"मंगळवारी संकष्टी आहे," ती म्हणाली. "स्वयंपाक तू करायचास. चंद्राचं मी बघते."