भाव वाढवून देणारे सर

धानोऱ्याच्या आठवडी बाजारात सांगितलेल्या भावापेक्षा जास्त पैसे देणारं एकच गिऱ्हाईक आहे, मेश्राम सर. बाई म्हणते, मोहफुलं चाळीस रुपये किलो. सर विचारतात, ‘‘पहाटे किती वाजता गेली होती वेचाले? मजुरी धरली का?’’ ती हसते. सर पन्नास देऊन जातात. मग तीच बाई माझ्या काट्यावर येऊन म्हणते, ‘‘सर पन्नास देते, तुमी काऊन नाई?’’

माझं डोकं तापतं. मी वीस वर्षं जंगलचा माल घेतो. सातवी पास आहे, पण एक रुपया कुणाला फुकट सोडलेला नाही. आणि हा माणूस कॉलेजात उद्योजकता शिकवतो! तेही तासांवर, पोरांनी विषय घेतला नाही तर काम खलास. वर ‘यशस्वी उद्योजक’ म्हणून भाषणाला यांनी नागपूरहून एक कोटवाला आणला. माझं दुकान कॉलेजच्या फाटकासमोर आहे. ते मी अजून विसरलेलो नाही.

सर पहिल्या दिवशी पोरांना एकच प्रश्न लिहायला देतात : स्वतःचा धंदा करणार का? सगळे लिहितात, नाही, पोलीस भरती. वर्षाच्या शेवटी पुन्हा तोच प्रश्न. तेव्हा निम्मे ‘हो’ लिहितात.

‘‘मग दुकानं कुठी आहेत, सर?’’ मी एकदा डिवचलं.

‘‘भाऊ, नुसतं हो लिहाले वर्ष लागते. घाई नोका करू.’’

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या वर्गातली लता माझ्याकडे आली. तिची आई मला चाराचं बी विकते. ते फोडून चारोळी काढायची, यातच माझी कमाई. लतानं चारोळी घरीच फोडून आणली होती! भाव ऐकून मी ओरडलो.

‘‘मजुरी धरली आहे, काका,’’ ती म्हणाली आणि पिशवी उचलून बाजारात जाऊन बसली. बापानं तिला बजावलं होतं, आज माल खपला नाही तर पुढलं सगळं बी नेहमीसारखं माझ्या काट्यावर.

दुपारी मी बाजारात चक्कर मारली, तरी तिला गिऱ्हाईक नाही. सर कापडवाल्याच्या पालामागे लपून बघत होते. घामाघूम, सकाळपासून उपाशी.

‘‘घ्या ना आता! एरवी त मोठे दानशूर!’’ मी म्हणालो.

‘‘मी घेतली त तिले वाटन, सरनं कीव केली. तुमी जा, भाऊ. तुमी कोणाची कीव करत नाई, साऱ्या बाजाराले मालूम आहे.’’

गेलो. अर्धा तास भांडलो. पोर किलोमागे वीस रुपये उतरली ती उतरली, पुढे हलेना. माल चोख होता. सगळा घेतला. पुढच्या बाजारी आणखी आण म्हणालो, तेही ओरडूनच.

परत आलो तर सर रुमालानं डोळे पुसत होते.

‘‘वीसच सोडले तिनं?’’

‘‘वीसच.’’

‘‘मीबी दुकान टाकलं होतं, भाऊ, सिंदेवाहीले. चार महिन्यांत बंद. समोरचा जरासा नाराज दिसला का मी सारंच सोडून देत होतो.’’ ते लताकडे बघत राहिले. ‘‘अडून बसाले मले कोणी शिकवलंच नाई.’’