सहाशे सेकंदांचा बूटलोडर

बिसेनकाकांचा कम्प्युटर सुरू केला की दहा मिनिटं काहीही करत नाही. बिघाड नाही हो, काकांनी ठरवून तसं करून ठेवलंय.

त्यात दोन सिस्टिम आहेत. काकांचं विंडोज आणि काकूंचं लिनक्स. सुरू होताना बूटलोडर दोन्ही नावं दाखवून विचारतो, कोणतं उघडू? इतरांकडे तो पाच-दहा सेकंद वाट पाहतो आणि वरचं नाव आपोआप उघडतो. काकांकडे सहाशे सेकंद. काकू अर्धांगवायूच्या झटक्यापासून, म्हणजे दोन वर्षं, आतल्या खोलीतच असतात. त्यामुळे त्यांचं लिनक्स ही मला काकांची थापच वाटायची.

"सर, घाई कायले?" हे काकांचं पालुपद. ते नागझिऱ्याच्या विश्रामगृहात खानसामा होते. काय खायचं ते पाहुण्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितल्याशिवाय चूल पेटवायची नाही, हा त्यांचा नेम. साहेब पेंगत असला तरी काका दारात उभे! "तो इचारून राहिला ना, मंग उत्तर द्यायले वेळ नको?" असं ते आता यंत्राबद्दल म्हणतात.

नवेगाव बांध या गावात मी त्यांचा शेजारी आणि कॉलेजात कम्प्युटर शिकवतो, हे माझं दुर्दैव. काकांना बूटलोडरच्या फाइलीत हात घालायची खोड. मेनूत मराठी नावं टाकली, तर पडद्यावर अक्षरांऐवजी नुसते चौकोन. "राहू द्या, वरचे चौकोन माझे, खालचे तिचे." एकदा एक कंस उडवला आणि मेनूच गायब. दर वेळी मी पेनड्राइव्ह घेऊन धावायचं. दुरुस्ती झाली की, "एंटर दाबू नका सर, आपोआप उघडते का पाहू." की बसलो दहा मिनिटं!

परवा माझा संयम सुटला. काका चहा आणायला आत गेले आणि मी सहाशेचे पाच केले. घरी आल्यावर फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, विसरलेला पेनड्राइव्ह आणायला गेलो. कम्प्युटरसमोर काकू बसल्या होत्या. त्यांचा डावा हात टेबलावरून इंच इंच सरकत खालच्या बाणाकडे निघाला होता. पोचायच्या आत विंडोज उघडलं. काकांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच.

"सकाळपासून असंच होऊन राहिलं," काका म्हणाले. "आमच्या पोरीनं हिच्यासाठी चित्र काढाचं टाकलं हाय लिनक्सात. रांगोळी काढते ही त्यावर."

"मग बाण तुम्हीच दाबा ना!"

"मी दाबलो, तं मंग ते तिचं उत्तर कायचं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, हे मीच केलं," मी म्हणालो. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यासाठी दुसरी खुर्ची पुढे सरकवली. मी लिनक्स उघडून मोजणीच काढून टाकली. आता बूटलोडर उत्तर मिळेपर्यंत थांबणार होता.

पुन्हा सुरू केलं. काकूंचा हात निघाला, मध्येच थकून पडला, परत निघाला. माझी कॉलेजची वेळ टळून गेली, पण मला उठवेना. शेवटी बोट बाणावर पडलं आणि खालचे चौकोन उजळले. एंटर अजून बाकी होतं.

"एकच राहिलं आता," काका काकूंना म्हणाले. इतक्या हळुवार आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.