लीलाधरच्या घरची बंद कढई

लीलाधरच्या घरची कढई सोमवारी पालथी पडली आणि त्याच्या घरी सुतक आहे, असं गुरुवारपर्यंत साक्रीतल्या अख्ख्या गल्लीनं ठरवून टाकलं. लोकांचं फारसं चुकलं असंही म्हणवत नाही. घरात तळण बंद, गोड बंद, आणि माणसं तोंडं पाडून एकामागे एक चाललेली, तर दुसरं काय समजायचं?

खरी गोष्ट अशी, की लीलाधरची अकरा वर्षांची उज्ज्वला शाळेचा जिना चढली की धापा टाकायची. तिला खो-खो खेळायचा होता. बाईंनी सांगितलं, "आधी दम वाढव, दिवाळीनंतर संघाचं बघू." त्या दिवसापासून पोरीनं ध्यासच घेतला. बापानं तिला धुळ्याला बालरोगतज्ज्ञाकडे नेलं असं म्हणायचं, पण एस.टी.ची वेळ तिनंच विचारून ठेवली होती.

डॉक्टरांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं, आकडा लिहिला आणि लीलाधरला म्हणाले, "आता तुम्ही या."

"मी कशाला? पेशंट ती आहे."

"पेशंट तुमचं घर आहे."

लीलाधरनं काट्यावर चढताना पोट आत ओढलं. काट्यानं त्याची दखल घेतली नाही.

"हिच्या ताटात भाजी-भाकरी आणि शेजारी बापाच्या ताटात भजी, असं एकटी पोर किती दिवस सोसेल?" डॉक्टर म्हणाले. "म्हणून तळण सगळ्यांचंच बंद. शेव-जिलेबी घरात आणायची नाही. रोज संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तासभर चालायचं. महिन्यानं सगळे या. वजन हललं नाही, तर मी पोरीला बोलणार नाही, तुम्हाला बोलीन."

लीलाधर पंचायत समितीत कारकून होता. साहेबाची बोलणी खायची सवय होती, पण पोरीसमोर खायची नव्हती. त्यानं मान हलवली.

पहिली माघार त्याच्या आईनं घेतली. नर्मदाबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणे. अक्का अंगानं भरभक्कम, बोलण्यानं त्याहून. "त्या पोरले मी मन्हा हातनं तूप चारेल शे," त्या म्हणाल्या. "आते मन्हं तूप वाईट व्हयनं? ज्या घरमा पापड तळतस नही, त्या घरमा मी ऱ्हावाव नही." मंगळवारी पहाटे ट्रंक घेऊन त्या धुळ्याच्या गाडीत बसल्या. धुळ्याहून पाचोऱ्याला, लेकीकडे, लताबाईकडे जायचं होतं. शेजारच्या सुंदरबाईंनी मात्र फक्त धुळ्याची गाडी पाहिली. लीलाधर आदल्याच दिवशी धुळ्याच्या दवाखान्यात जाऊन आलाय, हेही त्यांना ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी तिघं चालायला निघाली. पुढे उज्ज्वला, मागे लीलाधर, त्यामागे डोक्यावर पदर घेतलेली प्रमिलाबाई. साक्रीत उगाच कोणी चालत नाही. माणूस शेतात जातो, बाजारात जातो, देवळात जातो, आणि हातात निदान एक पिशवी असते. यांच्या हातात काहीच नव्हतं. त्यातून दिवसभर ऑफिसातली भजी चुकवून लीलाधरचा चेहरा पार उतरलेला.

ओट्यावर रिटायर पोस्टमास्तर भिकन आबा बसले होते. "लीलाधर, कोठे चालनात?"

पोरीचं वजन कमी करायला, असं सांगून मोकळं व्हायचं. पण लीलाधरच्या मनात आलं, उद्या गावभर होईल आणि पुढं पोरीच्या सोयरिकीत निघेल. त्यानं मान खाली घातली. "काय सांगू आबा. घरनी गोट शे," घरातली गोष्ट म्हणून त्यानं विषय मिटवला.

आबांनी माणसं मोजली. एक कमी होतं.

बुधवारी सुंदरबाई भाच्याच्या नोकरीची जिलेबी घेऊन आल्या. प्रमिलाबाईनं ताटली तशीच परत केली. "नको मावशी. महिनाभर घरमा गोड नही."

"आनि अक्का आजून धुळ्यालेच शेतस का?"

सासू भांडून गेली हे कोणत्या तोंडानं सांगणार? प्रमिलाबाईचे डोळे भरून आले आणि तिनं दार लोटून घेतलं. सुंदरबाई ताटली घेऊन थेट आबांच्या ओट्यावर गेल्या.

संध्याकाळी आबा खांद्यावर उपरणं टाकून गुपचूप मागून चालू लागले. पुलापर्यंत सात माणसं झाली. गुरुवारी अठरा झाली. कोणी बोलत नव्हतं. चालताना दम जपावा असं डॉक्टर म्हणाले होते. लोकांना ते आपोआप कळलेलं बघून लीलाधरला भरून आलं. आपलं पाहून गल्ली सुधारतेय, असं त्याला मनापासून वाटलं आणि छाती थोडी पुढे आली.

पुलावर आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "धीर धर, लीलाधर. पह्यला दहा दिन जड जातस."

"डॉक्टरबी तेच म्हने, आबा," लीलाधर म्हणाला. आबांनीही कधी काळी पथ्य केलेलं दिसतंय, असं त्याच्या मनात आलं.

शुक्रवारी दुपारी गल्लीतल्या बायकांनी टोपली आणून ठेवली. भाकरी, बिनफोडणीचं वरण, उकडलेली भाजी. सुतकाच्या घरी असंच नेतात. प्रमिलाबाईनं झाकण उघडून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "बठ्ठं डॉक्टरनी यादीमाधलं शे. लोकेस्ना किती जीव शे आपलावर." उज्ज्वलानं अर्धी भाकरी खाऊन ताट सारलं. बापानं दीड खाल्ली, पण भजी नाही खाल्ली, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

दु:खाच्या भरात लीलाधरला बहिणीला कळवायचंही सुचलं नसेल, म्हणून आबांनी आदल्याच दिवशी पाचोऱ्याला तार ठोकली होती : 'घरी दु:खद घटना. ताबडतोब निघा.'

शुक्रवारी संध्याकाळी चाळीस माणसं चालत होती. पुलाजवळ धुळ्याहून आलेली एस.टी. कचकन थांबली आणि तीतून ट्रंकेसकट अक्का उतरल्या. समोर मुलगा, सून, मागे उघड्या डोक्याची चाळीस माणसं. उज्ज्वला तेवढी नव्हती. चार दिवसांत तिचा पाय इतका हलका झाला होता, की ती केव्हाच पूल ओलांडून पुढे गेली होती.

अक्कांनी ट्रंक टाकली आणि रस्त्यातच बसल्या. "मन्ही पोर. पापडसाठे रुसीसन गवू मी. पापडसाठे." लीलाधर त्यांना उठवायला धावला, पण काय झालंय ते त्याला कळेना.

इकडे सुंदरबाई अक्कांना पाहून आबांच्या अंगावर कोसळल्या. मागची दहा-बारा माणसं तर गल्लीकडे पळतच सुटली.

एवढ्यात उज्ज्वला पुलावरून धावत आली. "मोठमाय, काय व्हयनं?" ती धावत आली होती आणि तिला धाप लागली नव्हती. हे फक्त लीलाधरच्या ध्यानात आलं; तोवर अक्कांनी तिला पोटाशी घेऊन तिचा जीव घुसमटवायला सुरुवात केली होती.

कोण कशासाठी चालत होतं, याचा उलगडा व्हायला अर्धा तास लागला. आबांनी उपरणं झटकलं. "म्हंजे मरनं कोनीच नही? मंग आमी तीन दिन कसाले चालनूत?"

अक्का डोळे पुसत उठल्या. "माले मारीसन तुम्हले काय भेटनं? आनि बठ्ठास्ले पटनं बी?"

आबांनी उपरणं पुन्हा खांद्यावर टाकलं. शेवटी सुंदरबाई हळूच म्हणाल्या, "अक्का, रागे भरू नका. तुम्हना दम, तुम्हनं अंग दखीसन कोनले नवल वाटनं नही."

अक्कांनी ट्रंक स्वतःच उचलली आणि घरची वाट धरली. घरी आल्यावर त्यांनी पालथी कढई पाहिली आणि तिला हात न लावता लीलाधरला विचारलं, "उद्या कितला वाजता निंघनं शे?"

अक्का आणि प्रमिलाबाई त्याच आठवड्यात धुळ्याच्या काट्यावर चढून आल्या; महिन्यानं तिथंच चौघं चढली. उज्ज्वला पावणेदोन किलोनं कमी भरली, लीलाधर तीन पाव, प्रमिलाबाई किलोभर, आणि अक्का तीन किलो. डॉक्टरांनी अक्कांना नमस्कार केला. दिवाळीनंतर उज्ज्वला संघात गेली.

चालणं मात्र थांबलं नाही. आता पुढे अक्का असतात आणि त्यांना मागे टाकायची कोणाची टाप नाही. परवा बाजाराला आलेल्या कोण्या खेड्यातल्या माणसानं ती रांग पाहिली, टोपी काढली आणि अक्कांच्या शेजारून चालत हळू आवाजात विचारलं, "मावशी, कोन मरनं?"

"मीच," अक्का म्हणाल्या. "चाल, पाय उचल."