ढोलकड्याची वाकळ

कासारतळच्या राखीव जंगलात पायवाटा जमिनीवर नसतात, त्या चौकीवरून मिळतात. सतरंजीसारख्या गुंडाळलेल्या असतात. ओळखपत्र ठेवायचं, वहीत सही करायची, गुंडाळी खांद्यावर टाकायची आणि पायथ्यापासून पुढे उलगडत जायचं. संध्याकाळी पाचच्या आत माती झटकून परत. वाट संपली की माणूस थांबतो. पुढे झाडं असतात, दगड असतात, पण जायला काही नसतं. याबद्दल कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

आम्ही शनिवारी सकाळी पोचलो. आम्ही म्हणजे मी, माझी थोरली बहीण हौसाक्का आणि माझी गाडी. ही गाडी पूर्वी शाळेची मुलं न्यायची. आतली बाकं काढून मी दोन फळ्यांचे पलंग, शेगडी आणि साठ लिटरची टाकी बसवली आहे. टाकी ठिबकते. अक्काने तिच्याखाली पातेलं ठेवलं, त्यात तांदूळ भिजत घातले आणि चौकीकडे निघाली.

तिचं काम सरळ होतं. ढोलकड्याच्या पलीकडच्या अंगाला तिचं गाव, तळेवाडी. लग्न झाल्यापासून ती परसदारात भांडी घासताना वर ढोलकडा बघते आहे. तिचं म्हणणं, आपल्याला तो दिसतो म्हणजे त्याच्यावरून आपलं परसदार दिसत असणार. आमच्या दाजींचं म्हणणं, छट्, कुठलं दिसतंय. हा विषय त्या घरात बेचाळीस वर्षं चालू आहे. तळेवाडीकडून वर जायचा प्रश्नच नव्हता, कारण त्या बाजूला चौकी नाही.

चौकीवर वनरक्षक गावस बसले होते. मिशी पांढरी, वही हिरवी.

"वय?"

"चौसष्ट," अक्का म्हणाली. "सोमवारी पासष्ट."

गावसांनी पान उलटलं. "चाळिशीच्या आत अठ्ठावीसशे मीटर. चाळीस ते साठ, चौदाशे. साठीनंतर विशेष सवलत."

"किती?"

"चारशे."

"ही सवलत होय?"

"उचलायला हलकी पडते ना, आजी."

"आजी असंल तुझी. पासष्टनंतर किती?"

"पासष्टनंतर वाट नाही. फोटो मिळतो. रंगीत असतो."

ढोलकड्याचा माथा बरोबर अठ्ठावीसशे मीटरवर आहे. माझे चौदाशे आणि तिचे चारशे जोडले तरी हजार कमी पडत होते, आणि जोडणं मुळात नियमात बसत नव्हतं. "दोन नावांच्या वाटा एकमेकींना लावल्या, तर माणूस नक्की कुणाच्या वाटेवर चाललाय ते कळत नाही," गावस म्हणाले. मला ते पटलं. अक्काला पटलं नाही, पण तिने सही केली.

तिचे चारशे मीटर एका जांभळीपाशी संपले. ती टोकावर उभी राहून पदराने वारा घेत बराच वेळ बघत राहिली.

"काय दिसतंय, अक्का?"

"आपल्या गाडीचं टप. गंजलंय."

परत आलो तेव्हा तिचं लक्ष चौकीच्या मागे गेलं. तिथे एक ढीग होता. फाटक्या, विरलेल्या, कडेचं गवत झडलेल्या वाटा. काही हातभर, काही शे-दीडशे मीटर.

"ते काय रं?"

"निर्लेखित माल," गावस म्हणाले. "झिजला. कागदोपत्री तो आता नाही."

"मग टाकून का देत न्हाई?"

"नसलेला माल टाकणार कसा?"

अक्काचे डोळे कसे झाले ते मला लांबूनही दिसलं. गावात शिंप्याच्या दुकानासमोर तिचे असेच होतात. तिने आयुष्यात दीडशे तरी वाकळा शिवल्या आहेत. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची, सदऱ्यांची, उरल्यासुरल्या चिंध्यांची जाड गोधडी. आमच्या तिन्ही मुलांची बाळपणं तिच्या वाकळांवर गेली.

"वश्या," ती म्हणाली, "गाडीतनं दाभण आण. आणि सुतळीचा गुंडा."

शेजारी एक मोठी गाडी उभी होती. तिच्यातून तीन बायका आल्या होत्या, तिघी साठीच्या पुढच्या, तिघींचे चारशे मीटर त्याच जांभळीपाशी संपलेले. त्या आधी नुसत्या बघायला आल्या. मग एकीने टाका लांब पडतोय म्हणून नाक मुरडलं. अक्का म्हणाली, "मग बस की. तोंडानं कुठं शिवता येतंय?" ती बसली. तिच्यामागून दोघी बसल्या. मला तुकडे झटकायचं काम मिळालं. एका तुकड्यातून दोन खेकडे निघाले, एकातून कुणाचीतरी चप्पल. उन्हं कलायच्या आत चोवीसशे मीटर शिवून झाली. चुकीने नाही, मुद्दाम चोवीसशेच.

कारण आमच्याकडे वाकळ सगळीच्या सगळी जुन्याची करत नाहीत. मधोमध एक तुकडा नवा लागतो, नाहीतर ती पांघरणाऱ्याला दमवते. तो नवा तुकडा म्हणजे अक्काची स्वतःची वाट. रविवारी सकाळी तिने ती पुन्हा सही करून घेतली, चौकीच्या पायरीवर बसून मधोमध लावली आणि दाभण अंबाड्यात खोचलं.

गावस बाहेर आले. त्यांनी वाकळ या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली, त्याला पाऊण तास लागला.

"अठ्ठावीसशे भरली," ते म्हणाले. "यातली चारशे आमच्या वहीतली आहे. ती पाच वाजता सुटी परत पाहिजे."

"कच्चा टाका घातलाय. दोरा ओढला की सुटती."

"बाकीची चोवीसशे वहीत नाही."

"मग?"

गावस खुर्चीत बसले. त्यांनी नियमांचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. आम्ही चहा केला, त्यांना दिला, पेला परत घेतला. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं.

"नसलेल्या वाटेवरून जायला मनाई कुठे लिहिलेली नाही," ते म्हणाले. मग टोपी घातली. "मी अठ्ठावन्नचा आहे. मलाही चौदाशेच मिळते. सतरा वर्षं मी इथे आहे आणि माथ्यावर काय आहे ते येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारत असतो. मापाची फीत घेऊन मला मागे यावं लागेल."

"यावं लागेल तर या की," अक्का म्हणाली.

आम्ही सहाजण निघालो. पुढे अक्का वाट अंथरत होती, मागे आम्ही. तुकडे ठिकठिकाणचे असल्यामुळे चालणं सारखं बदलत होतं. साठ मीटर लाल माती, मग तीस मीटर कातळ, मग एकदम कुठल्यातरी वाडीतला शेणाने सारवलेला बोळ. तिथे चपला काढाव्या लागल्या. जांभळीपाशी कुणी थांबलं नाही.

अर्ध्यावर कळलं की नव्वद मीटरचा एक तुकडा उलटा लागला आहे, उतरायची बाजू वर. त्यामुळे चढता चढता आम्ही नव्वद मीटर उतरलो.

"उसवू काय?" ज्या बाईने तो लावला होता तिने विचारलं. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"राहू दे गं. तेवढीच गुडघ्याला सवड."

गेलेली उंची पुढच्या तुकड्यात भरून निघाली. तो कुठल्यातरी देवळाच्या पायऱ्यांचा होता. त्यावर कुणीतरी मोगरा विकत होतं. अक्काने गजरा घेतला.

दोन वाजून दहा मिनिटांनी वाकळ संपली, आणि तिच्यापुढे चढायला ढोलकडाही उरला नव्हता. गावसांनी फीत लावली, टोपी काढली आणि एका दगडावर बसून चारी दिशा एकेक करून बघितल्या. बायकांनी डबे उघडले. अक्का मात्र पलीकडच्या कडेला गेली आणि मोबाइल कानाला लावला.

"अहो, परसदारी या. का म्हणून विचारू नका, या."

मी तिच्या शेजारी उभा राहिलो. खाली पत्र्याएवढं शेत, त्याच्या कोपऱ्यात काड्यापेटीएवढं घर. घरामागे एक पांढरा ठिपका आला आणि थांबला.

"बनियन उलटं घातलंय तुम्ही," अक्का म्हणाली.

फोनमधला आवाज मलाही ऐकू आला. "तू कुठं हायस? मला काय दिसत न्हाई."

"मी तुम्हाला दिसते असं मी कधी म्हणलं होतं? मला परसदार दिसतंय, एवढंच म्हणत होते. बेचाळीस वर्षं."

ठिपका परसदारात आणखी पुढे आला.

"आणि आत पळा," अक्का म्हणाली, "चुलीवर दूध ठेवलंय तुम्ही. वर आलंय."

ठिपका आत पळाला. थोड्या वेळाने पुन्हा बाहेर आला, आमच्या दिशेला तोंड करून उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात वर केले. दूध वाचलं होतं.

अक्काने फोन कमरेला खोचला. साडेतीनला गावसांनी घड्याळ बघितलं. अक्का उठली, वाटेचं एक टोक तिने उचललं आणि झटकलं. खालपर्यंत लाट गेली.

"एकटीला घडी घालता येत न्हाई हिची," ती म्हणाली. "वश्या, तू तिकडचं टोक धर."

मी टोक धरायला खाली निघालो.