भागाआक्का आणि गोधडीचं दुसरं टोक

भागाआक्का स्वतःच्या डाव्या हाताला शिव्या देतात. मनातल्या मनात नव्हे. अंगणात, कुंपणाच्या भिंतीला लागून खुर्ची टाकून, अख्ख्या आळीला ऐकू जातील अशा. "ऊठ की गं भवाने. सकाळधरनं नुसती लोळतीया. तुला का पाळण्यात घालून जोजवू?" पहिल्या दिवशी मी फाटकाशी पोचले तेव्हा मला वाटलं, सुनेची खरडपट्टी चाललीय, म्हणून बाहेरच थांबले. थोड्या वेळाने सूनच लॅपटॉपची बॅग खांद्याला अडकवून बाहेर आली आणि म्हणाली, "या ना मॅडम. आई हाताशी बोलतायत."

मी फिजिओथेरपिस्ट. मारुंजीत माझं छोटं क्लिनिक आहे, एका बाजूला मोबाइलचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला मोमोवाला. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून आखडलेल्या माना माझ्याकडे येतात. मी व्यायाम सांगते, त्या जेवढ्या हलतात तेवढ्या हलवून हो म्हणतात, आणि घरी जाऊन काही करत नाहीत. दुपारी मात्र मी स्कूटर काढते आणि ज्यांना क्लिनिकपर्यंत येता येत नाही त्यांच्या घरी जाते. भागाआक्का त्यांतल्याच. राहणार माण, जवळचंच गाव.

त्या माझी ओळख "ही माझी मालिशवाली" अशी करून देतात. सुरुवातीला मी दुरुस्त करत असे. "मालिश नाही आक्का, फिजिओथेरपी." त्या समजुतीने मान हलवायच्या. "त्येच की. तेल न लावता." पुढे मी नाद सोडला.

त्यांच्या अंगावरून वारं गेलं ते हिवाळ्यात. जीभ शाबूत राहिली, हे मी सांगायला नकोच. पाय काठीच्या आधाराने चालू लागला. डावा हात मात्र मूठ मिटून बसला. अशा हाताची गंमत अशी असते की त्याला धरता येतं, सोडता येत नाही. आक्कांनी वाटी धरली की वाटी हातातच, पदर धरला की पदर हातातच. म्हणून त्यांनी हाताचं नाव धाकटी ठेवलं होतं. धाकटी म्हणजे त्यांची धाकटी जाऊ, हौसा. "तिची बी हीच खोड," त्या मला म्हणाल्या. "धरलं की सोडत न्हाई."

हौसा भिंतीपलीकडेच राहत होती. दोघा भावांनी जमिनी विकल्यावर एकाच ठेकेदाराकडून शेजारी शेजारी दोन इमारती बांधून घेतल्या, रंगसुद्धा एकच, आणि वरच्या खोल्या हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पोरांना भाड्याने दिल्या. मधे छातीएवढी भिंत. भाऊ रोज संध्याकाळी देवळापाशी शेजारी बसून चहा पितात. जावा गेली कित्येक वर्षं एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या. कारण विचारलं तर हसू येईल. शेताच्या वाटण्या भावांनी बसल्या बैठकीला उरकल्या. एक गोधडी तेवढी वाटता आली नाही. सासू गेल्यावर तिच्या लुगड्यांची ती दोघींनी मिळून शिवली होती. आक्कांनी ती पेटीत घातली आणि हौसाने बोलणं टाकलं.

त्या मिटलेल्या मुठीबद्दल सांगायला हवं, कारण माझं निम्मं आयुष्य तिच्यावर गेलंय. मूठ उघडायला बोटं ओढायची नसतात. ओढली की ती जास्तच आवळतात आणि माणूस कळवळतो. आधी मनगट खाली वाकवायचं, मग अंगठा हलकेच बाहेर काढायचा आणि थोडं थांबायचं. बोटं आपली आपण सैल होतात. आक्कांच्या मुलाला आणि सुनेला मी हे दर खेपेला दाखवलं. दोघेही इंजिनिअर. दर खेपेला "समजलं" म्हणायचे आणि मी वळले की बोटं ओढायचे. आक्का मग आणखी एक शिवी हासडायच्या, ती कुणासाठी असे ते विचारायची सोय नव्हती.

व्यायाम अंगणातच करायचा, असा त्यांचा हट्ट. आत पंखा आहे, गादी आहे. पण नाही. "आत जीव गुदमरतो." चैत्रातल्या उन्हात माझी टाळू तापायची आणि आक्का भिंतीला तोंड करून बसायच्या. पलीकडे ठेंगणीशी एक बाई बरोबर त्या वेळी पातेलं घासताना दिसायची. रोज तेच पातेलं. माझ्या मते त्याला मागेच भोक पडायला हवं होतं.

आणि मोजणी. मी "एक, दोन, तीन" म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "आकडं काय, भाडेकरू बी मोजत्यात." त्या हात उचलताना विकलेल्या शेतांची नावं घ्यायच्या. एका उचलीला एक खाचर. भाताची खाचरं ती, आता कुणावर काचेची इमारत उभी आहे, कुणावर सोसायटीची पोहण्याची टाकी. "वरलं खाचर. आंब्याचं. पाणंदीचं. म्हसोबाचं." शेवटचं नाव झालं की हात मांडीवर टाकायच्या. "जमीन सपली."

"अजून थोडं करू या, आक्का."

"आता काय हवंत पेरू?"

मी नवीन पेशंटला विचारते की हाताने नेमकं काय करायचंय. कुणी म्हणतं भाकरी थापायचीय, कुणी म्हणतं केस विंचरायचेत. आक्का म्हणाल्या, "गोधडी पिळायचीया. घट बसायच्या आत."

नवरात्राआधी घरातल्या गोधड्या धुवायच्या, ही रीत मलाही माहीत आहे. पण घरात एवढं मोठं वॉशिंग मशीन. सुनेने ते ऐकवलंच. आक्का म्हणाल्या, "मशिनीत गोधडी मरती."

मला ध्येय मिळाल्याशी मतलब. मी टॉवेल ओला केला, एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि दुसरं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोन-चार पीळ दिले आणि टॉवेल खाली टाकला. "गज पिळत न्हाई. पल्याडनं पीळ पडाय पायजे." मग मी ते टोक धरलं. मी त्यांच्याच बाजूला पिळत होते म्हणे. भाड्याने राहणाऱ्या केरळच्या मुलीने धरून पाहिलं, सुनेने पाहिलं. प्रत्येकीत आक्कांनी खोट काढली. एक ढिली, एक घाईची, आणि मी तर "शिकल्याली असून उलटी."

"मग पिळायचं कुणी?" मी वैतागून म्हटलं.

 आक्का नेहमीच्या आवाजाच्या पाव आवाजात म्हणाल्या, "दवाखान्यात समदी येऊन गेली. भाजीवाली बी आली. पल्याडची आली न्हाई." त्या दिवशी त्यांनी हाताला एकही शिवी दिली नाही, आणि शेतं अर्ध्यातच संपवली. मला फार वाईट वाटलं. व्यायामात मी पुष्कळ काही बसवू शकते, जाऊ बसवता येत नाही.

पितृपक्ष संपत आला. पाऊस उघडून लख्ख ऊन पडलं होतं. मी फाटकातून आत आले तर खुर्ची रिकामी. आक्का भिंतीला अंग टेकून उभ्या होत्या, काठी बाजूला पडलेली. डाव्या मुठीत सासूच्या लुगड्यांच्या त्या गोधडीचं टोक, त्यावर उजव्या हाताची पकड, आणि बाकीची ओलीचिंब गोधडी भिंतीवरून पलीकडे टाकलेली. घमेल्यात भिजत घालून, ती तिथपर्यंत फरफटत त्यांनी एकटीने आणली होती. पलीकडच्या अंगणात कुणी नव्हतं. पातेलं नुसतं पडलेलं होतं.

"आक्का, पडाल. थांबा, मी पलीकडे जाऊन धरते."

"तू न्हाई."

मी तिथेच उभी राहिले. मला भीती वाटत होती. त्या पडतील याची नव्हे, पडणाऱ्याला धरणं माझं रोजचंच काम आहे. पलीकडचं दार उघडलं नाही, तर ही बाई खुर्चीत जाऊन बसेल आणि पुन्हा हात उचलणार नाही, याची भीती. अशी माणसं मी पाहिलेली आहेत. आक्कांचा खांदा भाराने खाली यायला लागला होता. गोधडीचं पाणी टपटपत होतं.

दार उघडलं. हौसा पदर खोचत बाहेर आली. तिने गोधडी पाहिली, भिंत पाहिली. आक्कांकडे पाहिलं नाही.

"माज्या भिंतीवर पानी कशापायी सांडतंय?" असं म्हणून तिने पलीकडचं टोक उचललं.

दोघींनी पीळ द्यायला सुरुवात केली. गोधडी ताठ झाली, मग दोरखंडासारखी वळली, आणि पाणी भिंतीच्या दोन्ही अंगांनी उतरलं. "आक्का, वाईच ढील द्या." "म्हाईत हाय मला. शिकवू नगं." एवढंच बोलणं. मूठ टिकते का, याकडे माझं लक्ष होतं. मूठ टिकली.

"सोडा आता," हौसा म्हणाली. "वाळत घालते."

"सुटत न्हाई."

"सुटत न्हाई म्हंजी?"

"हातच तसा हाय."

मी पुढे झाले, पण माझ्या आधी हौसाने भिंतीवरून हात घातला. तिने आक्कांचं मनगट धरलं आणि खाली वाकवलं. अंगठा हलकेच बाहेर काढला. थांबली. बोटं एकेक करून सैल पडली आणि गोधडी सुटली. जिथे मी थांबते तिथेच तीही थांबली होती.

आक्का स्वतःच्या उघड्या तळव्याकडे बघत राहिल्या. "तुला कुणी शिकिवलं?"

"रोज हितंच तर बसता," हौसा गोधडी आपल्याकडे ओढत म्हणाली. "दिसतं की."

माझे डोळे भरून आले. ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी खाली वाकून काठी उचलली.

"दवाखान्यात का न्हाई आलीस?" आक्कांनी विचारलं.

"हाकलून दिलं असतं तुमी."

आक्कांनी यावर जरा विचार केला. "व्हय," त्या म्हणाल्या. "दिलं असतं."

गोधडी भिंतीवरच वाळत घातली, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. पुढे ती कुणाच्या पेटीत गेली ते मी विचारलं नाही.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा खुर्ची भिंतीपाशीच होती. हाताला शिव्या बंद झालेल्या नव्हत्या, पण आता तो नुसता "मुडद्या" झाला होता, धाकटी हे नाव उरलं नव्हतं. आम्ही व्यायाम सुरू केला. वरलं खाचर, आंब्याचं, पाणंदीचं, म्हसोबाचं. आक्कांनी हात मांडीवर टाकला. "जमीन सपली."

"हिरीखालचं ऱ्हायलं," पलीकडून आवाज आला. पातेलं घासण्याचा आवाज थांबला होता.

आक्कांनी भिंतीकडे पाहिलं. "ते तुमच्या वाटणीचं."

"म्हून काय नाव बी घ्यायचं न्हाई?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतके महिने आक्का निम्मीच शेतं मोजत होत्या.  मग "हिरीखालचं," असं म्हणून त्यांनी हात उचलला.

"चिंचंचं," हौसा म्हणाली.

आक्कांनी हात उचलला.

"वढ्याकाठचं."

मी मनगटाखाली नुसता हात धरून बसले. भिंतीपलीकडून एकेक खाचर येत होतं आणि आक्का ते उचलत होत्या.