बिनदाराच्या गल्लीतलं घोरणं

बनुबाईंचं डोकं सकाळी उठल्याबरोबर ठणकायचं, आणि ते ठणकलं की चूक सुनेची असायची. कधी सुरेखानं रात्रीची भाजी वातूळ केलेली असे, कधी उशी नीट झटकलेली नसे. एकदा तर सुरेखा माहेरी होती, तरी चूक तिचीच निघाली.

शनिशिंगणापुरात बनुबाईंचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं. तेल, नारळ, रुईच्या माळा. नवरा गेल्यापासून तिथल्या पाटावर त्यांच्याशिवाय दुसरं कुणी बसलेलं नव्हतं. पण सकाळभर डोकं उतरायचं नाही, आणि उतरलं की डोळे मिटायचे. एका शनिवारी ऐन गर्दीत भक्ताच्या बाटलीत तेल ओतता ओतता बनुबाईंना डुलकी लागली. बाटली भरली, खालचं ताट भरलं, तेल पायरीवरून वाहत रस्त्यावर गेलं, आणि लातूरहून आलेल्या एका गृहस्थांनी देवाच्या आधी बनुबाईंनाच लोटांगण घातलं. पाठोपाठ त्यांच्या बायकोनंही.

घरी येताच मुलगा आप्पासाहेब म्हणाला, "आई, उद्यापासून दुकानावर सुरेखा बसंल."

"मी जित्ती हाय तवर त्या पाटाला कुनी शिवायचं न्हाई!"

"मंग दवाखान्यात चल."

नगरच्या डॉक्टरीणबाईंनी डोक्याला हातसुद्धा लावला नाही. भलतंच विचारलं. "आजी, तुम्ही घोरता का?"

"घोरंल माझा वैरी!"

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, हवा कमी पडते. म्हणून काही जणांचं सकाळी डोकं दुखतं आणि दिवसा डोळा लागतो. एक रात्र झोपेची तपासणी केली की कळेल.

"आत्याबाई, तुमी घोरता," सुरेखा हळूच म्हणाली.

"तुला पाट पायजे, तू तेच म्हननार! आमच्या गावात घरांना दारं न्हाईत, बाई. झाकून ठेवाया हाय काय? आता गल्लीलाच इचारते."

आणि खरंच विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, ठणकतं डोकं फडक्यानं करकचून आवळून, बनुबाई ओट्यावर उभ्या राहिल्या. "सांगा रं! देवाच्या गावात खोटं बोलायचं न्हाई. मी घोरते का?"

गल्ली पायाच्या अंगठ्याकडं बघू लागली. शेवटी समोरची लंकाबाई पुढं झाली.

"घोरन्याचं काय न्हाई गं आक्का, त्याची सवय झालीया. पन तू मधीच थांबतीस न्हवं, तवा समदी गल्ली उठून बसती. गेली का काय! मंग तुझा घुर्रर्र आला की आमी पुन्ना आडवं."

"मी तर दोनदा टोपी घालून बसलो हुतो," मागून शेजारचा बन्सी बोलला. "मयतीला जायची."

साक्षीदार बनुबाईंनीच बोलावले होते, आता त्यांना खोटं कसं पाडायचं? त्यांनी पदर खोचला. "लई घाई झाली व्हय रं माझ्या मातीला यायची? थांबा, जगूनच दाखवते!"

त्याच दिवशी त्या तपासणीला गेल्या. मग हवा देणारं मशीन घरी आलं. ते नाकाला लावून बनुबाई हत्तीसारख्या सोंडेनिशी झोपू लागल्या आणि गल्लीत कुणी हसलं तर त्याच्या सात पिढ्या उद्धरू लागल्या. हळूहळू डोकं ठणकायचं थांबलं. पाट पाटाच्या जागी राहिला, बनुबाई पाटाच्या जागी राहिल्या. सुरेखाला मात्र चुका कमी पडू लागल्या.

असाच एक शनिवार. दुकानापुढं रांग. लंकाबाई पडेल तोंडानं आली.

"आक्का, ते मशीन काढून ठेव की."

"का गं? बन्सीनं मयतीची टोपी धुऊन ठेवलीय?"

"तसं न्हाई गं. तुझ्या घोरन्याला भिऊन कुत्री गल्लीत फिरकत नव्हती. आता रातीला उंबऱ्यात लावलेली फळी पाडून आत येत्यात. काल माझं सायीचं पातेलं चाटलं, बन्सीच्या भाकरी नेल्या. एकाआड एक रात तरी घोर, बाई!"

रांग ऐकत होती. बनुबाईंनी भक्ताची बाटली काठोकाठ भरली. एक थेंब सांडला नाही.

"माझं डोकं काय गल्लीची राखन करायला हाय? चोरांचं देव बघतोय, लंके. कुत्र्यांचं ज्याचं त्यानं बघावं."